न सुटलेले गलबत

२०२० सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण परदेशी जहाजावरील नोकरीसाठी निघण्याच्या तयारीत होता. करारावर सह्या झाल्या होत्या, वैद्यकीय तपासणी आटोपली होती, कर्ज काढून खर्च भागवला होता आणि त्याच्या सुखरूप प्रवासासाठी आम्हीच पवित्र मिस्सा अर्पण केली होती. त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली, पाठोपाठ देशभर टाळेबंदी आली आणि नोकरी हातची गेली. त्याच्या आईची समजूत घालताना, ही देवाचीच योजना समजावी, असे आम्ही सहज बोलून गेलो. त्या माऊलीने मान डोलावली.

पुढील वर्षी, साथीच्या दुसऱ्या लाटेत, त्या तरुणाचे वडील निवर्तले. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाची मिस्सा संपल्यावर ती माता वेदीमागच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘फादर, पोराचं विमान थांबलं तेव्हा ती देवाची योजना आहे असं तुम्ही म्हणाला होता. मग त्याचे पप्पा गेले, तीपण देवाचीच योजना का?’

तिच्या स्वरात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. आम्हांला उत्तर सुचले नाही. तिच्याबरोबर एक प्रणाम मरिया म्हणून आम्ही घरी परतलो. पण प्रश्न काही परतला नाही. सेमिनरीत असताना ख्रिस्तसभेच्या इतिहासाचे जे ग्रंथ आम्ही आवडीने वाचले होते, ते त्यानंतर पुन्हा उघडले. इतिहास हे दुःखावरचे औषध नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही आपल्या आधी ज्यांच्या वाटा अशाच अचानक बंद झाल्या, ते त्या बंद दारापाशी कसे वागले, हे पाहण्याने मनाला काही उजेड मिळतो. अशीच एक हकिकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ती सुरू होते स्पेनमध्ये. पण तिची एक वाट थेट आपल्या वसईच्या किनाऱ्याला येऊन लागते.

तोफेचा गोळा

संत इग्नाती लोयोला यांची कथा आपल्या प्रवचनांतून अनेकदा सांगितली जाते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या गढीवर फ्रेंच सैन्याने हल्ला केला, तेव्हा तीस वर्षांच्या या सरदारपुत्राच्या पायावर तोफेचा गोळा आदळला. उजवा पाय मोडला, डावाही जखमी झाला. लोयोलाच्या वाड्यात मोडलेले हाड पुन्हा बसवावे लागले. ते जुळले, पण गुडघ्याखाली एक बेढब उंचवटा राहिला. त्यामुळे दरबारी थाटाचे तंग बूट घालता येणार नाहीत, एवढ्याच कारणासाठी इग्नातींनी ते वाढलेले हाड करवतीने कापून घेतले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. मनुष्य किती जिद्दी होता आणि त्याची जिद्द तेव्हा कशासाठी खर्ची पडत होती, हे यावरून दिसते.

अंथरुणावर पडल्या पडल्या वाचण्यासाठी त्यांनी शौर्यकथा मागितल्या. त्या वाड्यात नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या चरित्रांचा एक ग्रंथ. त्या वाचनातून त्यांचे मन पालटले. दरबाराचे स्वप्न मावळले आणि त्याजागी यरुशलेमची ओढ लागली. प्रभू ज्या भूमीवर वावरला, तिथेच जन्मभर राहावे आणि तिथल्या लोकांच्या आत्म्यांची सेवा करावी, असे त्यांनी ठरविले.

आपली प्रवचने बहुधा येथेच थांबतात. ऐहिक महत्त्वाकांक्षा कोसळली, तिच्याजागी पवित्र ध्येय आले, देवाची योजना सफळ झाली! परंतु इतिहास येथे थांबत नाही. ऐहिक बेत मोडून त्याजागी पवित्र बेत उभा राहिला, तर देवाचा हात ओळखणे फारसे अवघड नसते. खरी कसोटी लागते ती पवित्र बेतच मोडतो तेव्हा. आणि इग्नातींचा पवित्र बेत एकदा नव्हे, दोनदा मोडला.

यरुशलेमहून परत

मानरेसा गावी प्रार्थना, उपवास आणि घोर मानसिक यातना यांत अनेक महिने काढल्यावर इग्नाती १५२३ च्या जुलैत व्हेनिसहून गलबताने निघाले आणि ४ सप्टेंबरला यरुशलेमात पोहोचले. आता येथून हलायचे नाही, असा त्यांचा निर्धार होता. परंतु पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन संघाच्या प्रमुखांनी त्यांना राहण्याची परवानगी दिली नाही. तुर्कांच्या अमलाखालील त्या प्रदेशात यात्रेकरूंना पकडले जाई, कित्येकांना प्राणास मुकावे लागे आणि पकडलेल्यांची खंडणी भरण्याचा बोजा संघावर पडे. इग्नाती हटून बसले, तेव्हा परमगुरूंनी दिलेल्या अधिकारानुसार, आज्ञाभंग केल्यास धर्मबहिष्कार घालावा लागेल, असे त्यांना बजावण्यात आले. ते अधिकारपत्र दाखविण्याचीही प्रमुखांची तयारी होती. पत्र पाहण्याची गरज नाही, असे म्हणून इग्नातींनी मान तुकविली.

निघण्यापूर्वीचा एक प्रसंग आम्हांला विशेष हृद्य वाटतो. जैतून डोंगरावर एका शिळेवर प्रभूच्या स्वर्गारोहणसमयीच्या पाऊलखुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. कोणालाही न सांगता, वाटाड्या न घेता इग्नाती एकटेच तिकडे गेले आणि पहारेकऱ्यांना आपल्याजवळची सुरी देऊन आत शिरले. परतताना त्यांच्या ध्यानात आले की उजवे पाऊल कोणत्या दिशेला आणि डावे कोणत्या दिशेला, हे आपण नीट पाहिलेच नाही. ते पुन्हा माघारी वळले आणि यावेळी कात्री देऊन आत गेले. मठातील सेवक शोधत आला, त्याने रागाने दंड धरून त्यांना परत नेले. वीस दिवसांच्या आत त्यांचे यरुशलेम संपले.

पुढे आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आपला जीवनवृत्तान्त एका सहकाऱ्याला तोंडी सांगितला. आपण यरुशलेमात राहावे ही देवाची इच्छा नाही, हे उमगल्यावर एकच विचार मनात घोळत राहिला, असे ते त्यात सांगतात. तो विचार ‘असे का झाले’ हा नव्हता. ‘आता काय करावे’ हा होता. वाचकहो, या लेखातून एकच गोष्ट ध्यानात ठेवावयाची असेल तर ती ही ठेवावी. आत्म्यांच्या सेवेसाठी विद्या हवी, असे त्यांना वाटले आणि तिशी ओलांडलेला हा सरदार बार्सिलोनात लहान मुलांच्या बरोबरीने बसून लॅटिनचे धडे गिरवू लागला.

मोंमार्त्रचे व्रत

पुढे आल्काला आणि सालामांका येथे शिकत असताना त्यांच्याविषयी संशय घेऊन दोन्ही ठिकाणी त्यांना कैदेत टाकण्यात आले. दोन्ही ठिकाणी ते निर्दोष ठरले. १५२८ च्या फेब्रुवारीत ते पॅरिसला पोहोचले. तेथे सेंत बार्ब महाविद्यालयातील एका खोलीत त्यांना पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे दोन तरुण सोबती लाभले. हळूहळू लाइनेझ, साल्मेरोन, बोबादिया आणि रोद्रिगिश येऊन मिळाले.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, हे सातजण पॅरिसनजीकच्या मोंमार्त्र टेकडीवरील एका लहान मंदिरात जमले. त्यांच्यात एकटे फेबर धर्मगुरू होते. त्यांनी मिस्सा अर्पण केली. सर्वांनी दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य यांचे व्रत घेतले व यरुशलेमला जाण्याचा संकल्प सोडला. त्या संकल्पात एक अट त्यांनी आधीच घालून ठेवली होती. व्हेनिसला जाऊन गलबताची वर्षभर वाट पाहायची. तेवढ्या अवधीत जाणे जमले नाही, तर रोमला जाऊन परमगुरूंच्या स्वाधीन व्हायचे आणि ते पाठवतील तिथे जायचे. म्हणजे त्यांनी बेत तर आखलाच, पण आपला बेत हाच देवाचा बेत, असे गृहीत धरले नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. मोंमार्त्रच्या टेकडीवर गुडघे टेकलेल्या त्या सात तरुणांच्या नजरेसमोर यरुशलेम होते. वसईचा विचारही त्यांच्या मनात नव्हता.

व्हेनिसची प्रतीक्षा

आणखी तीन सोबती मिळून दहा झालेला हा मेळावा १५३७ पर्यंत व्हेनिसला एकत्र आला. गलबत निघण्यास अवकाश होता. ते तेथल्या दोन रुग्णालयांत विभागले गेले. असाध्य रोग्यांच्या जखमा धुणे, बिछाने घालणे, मृतांसाठी खड्डे खणणे ही कामे त्यांनी पत्करली. त्या वर्षीच्या ईस्टरच्या सुमारास इग्नातींखेरीज इतर सोबती रोमला गेले. परमगुरू पॉल तिसरे यांनी त्यांना यात्रेची परवानगी दिली आणि प्रवासासाठी पैसेही दिले. इतरांनीही मदत केली. २४ जून १५३७ रोजी इग्नाती, झेवियर आणि आणखी काही सोबत्यांना व्हेनिसमध्ये गुरुदीक्षा मिळाली. परवानगी होती, पैसा होता, दीक्षा झाली होती. आता फक्त गलबत हवे होते.

ते सुटलेच नाही. व्हेनिस आणि तुर्कस्थान यांच्यात युद्ध पेटले. ऑगस्टमध्ये सुलतानाच्या सैन्याने कोर्फू बेटाला वेढा घातला. त्या वर्षी यात्रेकरूंचे गलबत पूर्वेकडे गेले नाही.

या काळात त्यांनी काय केले, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. दार बंद दिसताच त्यांनी तो ईश्वरी संकेत मानून पाठ फिरविली नाही. वर्षभर वाट पाहण्याचा शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला. तोवर जवळपासच्या गावांत दोघे-तिघे मिळून पडक्या जागांत राहिले, भिक्षा मागून जेवले, चौकांत उभे राहून मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये उपदेश केला. आणि यात्रेसाठी मिळालेला पैसा? तो त्यांनी ज्याचा त्याला परत केला. दुसऱ्या सत्कार्यासाठी तो वापरता आला असता. कोणी बोलही लावला नसता. पण तो यरुशलेमसाठी दिलेला होता आणि यरुशलेम घडले नव्हते.

येथे थांबून आम्हांला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ते गलबत सुटले असते, तर येशूसंघाचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. म्हणून देवाने युद्ध घडवून आणले, असे म्हणावे काय? कदापि नाही. त्या युद्धात कोर्फूची शेते जळली, माणसे मारली गेली, कित्येक गुलाम म्हणून नेली गेली. दहा सत्पुरुषांची वाट बदलावी म्हणून कोर्फूतील एखाद्या मातेचे लेकरू देवाने बळी दिले, असे मानणे ही श्रद्धा नव्हे. ती देवाची निंदा होय. देव दुष्टाईचा कर्ता नाही, मात्र घडलेल्या दुष्टाईतूनही चांगले निर्माण करण्याचे सामर्थ्य त्याच्या प्रेमात आहे, ही ख्रिस्तसभेची प्राचीन शिकवण आहे. संत ऑगस्टीन यांनी ती मांडली आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक श्रद्धाग्रंथानेही तिचाच पुनरुच्चार केला. या दोन वाक्यांतला भेद सूक्ष्म वाटेल. पण ज्याच्या घरात प्रेत आहे, त्याला तो तत्काळ जाणवतो. त्या माऊलीसमोर आम्ही तो भेद विसरलो होतो.

रोमची गव्हाण

मुदत सरली. इग्नाती रोमला आले. गुरुदीक्षा होऊनही त्यांनी आपली पहिली मिस्सा दीड वर्ष पुढे ढकलली होती. ती पवित्र भूमीत, बेथलेहेमात अर्पण करण्याची आशा त्यांच्या मनात असावी, असे चरित्रकार मानतात. अखेर १५३८ च्या नाताळात, रोमच्या सांता मारिया माज्योरे मंदिरात, जेथे प्रभूच्या गव्हाणीचे अवशेष जपलेले आहेत त्या वेदीवर, त्यांनी ती अर्पण केली. खरे बेथलेहेम मिळाले नाही, म्हणून त्यांनी मिस्साच सोडली नाही. आणि रोमची गव्हाण म्हणजेच बेथलेहेम, अशी स्वतःची फसवणूकही केली नाही. जे हाताशी होते, त्याच्यापुढे ते भक्तिभावाने उभे राहिले.

त्याच वर्षी सर्वांनी मिळून स्वतःला परमगुरूंच्या स्वाधीन केले होते. यरुशलेमची एवढी ओढ कशाला, इटली हेही एक चांगले यरुशलेमच आहे, अशा अर्थाचे पॉल तिसरे यांचे उद्गार बोबादिया यांनी पुढे नोंदवून ठेवले आहेत. आणि त्या हिवाळ्यात रोममध्ये थंडी व दुष्काळ यांनी हाहाकार उडवला, तेव्हा या मंडळींनी आपल्या राहत्या घरात शेकडो भुकेल्यांना आसरा दिला. ज्यांना दूरदेशी जायचे होते, त्यांच्या दारातच ख्रिस्त थंडीने कुडकुडत उभा होता.

दरम्यान पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन यांना हिंदुस्थानासाठी धर्मगुरू हवे होते. त्यांच्या वकिलाने सहाजण मागितले. अवघ्या दहांतून सहा दिले तर उरलेल्या जगासाठी कोण राहणार, असा इग्नातींचा सवाल होता. दोघे द्यायचे ठरले, रोद्रिगिश आणि बोबादिया. रोद्रिगिश पुढे निघाले. बोबादिया नेपल्सच्या बाजूने रोमला आले ते आजारी होऊनच; इतका लांबचा प्रवास त्यांना झेपण्याजोगा नव्हता. वकील मात्र थांबू शकत नव्हता. १५४० चा मार्च महिना होता. स्वतः आजारी असलेल्या इग्नातींनी फ्रान्सिस झेवियरांना बोलावले. झेवियर तेव्हा पत्रव्यवहाराचे काम सांभाळत होते. त्यांना पाठविण्याचा बेतच नव्हता. आपण तयार आहोत, असे त्यांनी तत्काळ सांगितले, जुनी विजार आणि झगा शिवून सारखा केला आणि वकिलाबरोबर ते रोमबाहेर पडले. हे दोन मित्र पुन्हा कधीही भेटले नाहीत.

लिस्बनला पोहोचल्यावर आणखी एक वळण आले. राजाने रोद्रिगिश यांना पोर्तुगालमध्येच ठेवून घेतले. ज्या दोघांची निवड झाली होती, त्यांपैकी एकही हिंदुस्थानात आला नाही. आले ते यादीत नसलेले झेवियर. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ते गलबतात चढले. मोझांबिकला मुक्काम करून, तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले. पुढे वसईलाही त्यांचे पाय लागले.

बोबादिया यांच्याविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. आजारामुळे मागे राहिलेला हा मनुष्य त्या दहांमध्ये सर्वांत शेवटपर्यंत जगला. इटली आणि जर्मनीत अखंड श्रम करून १५९० साली लोरेतो येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचे नोव्हेना कोणी करीत नाही. तरी त्यांचे आयुष्य म्हणजे झेवियरांच्या आयुष्यासाठी रिकामी करून दिलेली जागा नव्हे. मागे राहिलेल्यालाही देव विसरत नाही आणि त्याच्याही वाट्याचे काम असते.

न आलेली नाव

झेवियरांचे पुढील कार्य वाचकांना ठाऊक आहे. मोती वेचणाऱ्या परवांचा किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि १५४९ साली जपान. दूर बेटांवर असताना सोबत्यांच्या पत्रांवरील सह्या कापून घेऊन त्या ते जवळ बाळगीत. संतांनाही घरची आठवण येते!

१५५२ साली चीनमध्ये प्रवेश करण्याच्या इच्छेने ते चिनी किनाऱ्यासमोरील शांगच्वान बेटावर येऊन थांबले. परक्यांना चीनमध्ये बंदी होती. एका चिनी व्यापाऱ्याने गुप्तपणे पलीकडे नेण्याचे कबूल केले होते. ठरलेला दिवस आला आणि गेला. नाव काही आली नाही. झेवियर तापाने फणफणले आणि ३ डिसेंबरच्या पहाटे, मुख्य भूमी समोर असताना, एका चिनी सोबत्याच्या सहवासात त्यांनी प्राण सोडला. वय अवघे ४६. पुढील वर्षी जूनमध्ये इग्नातींनी रोमहून त्यांना परत बोलावण्याचे पत्र लिहिले. पत्र लिहिले गेले तेव्हा झेवियरांना जाऊन सहा महिने लोटले होते.

व्हेनिसला गलबत सुटले नाही आणि शांगच्वानला नाव आली नाही. पहिल्या प्रसंगानंतर दुसरे दार उघडलेले इग्नातींना याच जन्मी पाहायला मिळाले. दुसऱ्या प्रसंगानंतर काय उघडले, ते झेवियरांना दिसले नाही. त्या डिसेंबरात इटलीतील माचेराता गावी मात्तेओ रिची नावाचे दोन महिन्यांचे बालक पाळण्यात होते. तेच पुढे १५८३ साली चीनमध्ये शिरले आणि १६०१ साली पेकिंगला पोहोचले. हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या बेटावर तापाने तळमळणाऱ्या झेवियरांना ते ठाऊक नव्हते. परिणाम पाहून ठेवलेला विश्वास हा एक प्रकारचा हिशोब झाला. परिणाम न दिसताही ज्याने तो ठेवला, त्याच्यापाशी खरी श्रद्धा होती.

वसईचा पुत्र

झेवियरांनी जपानची जी वाट उघडली, त्या वाटेने आपल्या वसईचा एक मुलगा गेला. १५५७ च्या सुमारास येथे जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांचे वडील पोर्तुगीज आणि आई येथलीच होती. वसईच्या येशूसंघीयांपाशी ते शिकले आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. जपानी भाषा आत्मसात करून त्यांनी अनेक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात आपल्याला प्रवेश मिळावा, ही त्यांची मनीषा होती. ती पुरी झाली नाही.

इग्नातींच्या यरुशलेमसारखीच ही इच्छाही पवित्र होती. गोन्सालो काही काळ व्यापारात रमले, त्यांनी नावही कमावले. पण अंतरीची ओढ गेली नाही. मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना व्रतस्थ बंधू म्हणून स्वीकारले. १५९३ साली ते दुभाषे म्हणून जपानला परतले. मुलगा म्हणून शिकलेली जपानी भाषा आता कामी आली. १५९६ च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले एक स्पॅनिश गलबत वादळात भरकटून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातून निर्माण झालेल्या संशयाचे पर्यवसान सत्ताधीश हिदेयोशीच्या कोपात झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीसजणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. आणि त्याच टेकडीवर येशूसंघाचेही तिघे होते. ज्या घराचे दार त्यांच्यासाठी उघडले नव्हते, त्या घराच्या मुलांबरोबरच ते प्रभूच्या घरी गेले. ८ जून १८६२ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले. गास येथील मंदिर आज त्यांच्याच नावाचे आहे.

आता काय करावे?

त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर या इतिहासात मिळाले काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर, नाही. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर इतिहासकाराच्या हाती नसते आणि धर्मगुरूच्याही हाती नसते. तो प्रश्न विचारणे हे पाप तर मुळीच नाही. क्रुसावरून प्रभूनेही आपल्या पित्याला तोच प्रश्न विचारला होता.

परंतु एक गोष्ट आम्हांला उमगली. ईश्वरी योजना म्हणजे घराच्या नकाशासारखा आधीच रेखलेला आणि आपल्यापासून लपवून ठेवलेला कागद नव्हे, की ज्यात आमचा नफा, आमचा तोटा, कोणाचे विमान आणि कोणाचे मरण एकेका चौकोनात मांडून ठेवले आहे. कोणतेही दार बंद झाले तरी देव आपल्याला सोडून जात नाही आणि त्या बंद दाराशीही प्रेमाचे काही ना काही काम शिल्लक असते, एवढाच विश्वास त्या दहाजणांनी धरला. व्हेनिसला रुग्णालय होते, रोमला भुकेले होते. शब्द पाळायचा होता, पैसे परत करायचे होते. बाकीचे त्यांनी देवावर सोपविले. यरुशलेमला राहू न शकलेले इग्नाती रोममधील मोजक्या खोल्यांत उरलेले आयुष्य काढून, हजारो पत्रे लिहून, ३१ जुलै १५५६ रोजी गेले. तोवर संघाची सभासदसंख्या सुमारे एक हजारावर पोहोचली होती. तरी आपल्या जीवनवृत्तान्तात त्यांनी स्वतःला नाव दिले ते ‘यात्रेकरू’ हेच.

त्या तरुणाचे काय झाले, असे वाचक विचारतील. टाळेबंदीत तो इतर मुलांबरोबर घरोघरी धान्य पोहोचवीत होता. वडिलांच्या अखेरच्या आजारात धावपळ करायला तो घरी होता. पुढे तो विजेची कामे शिकला; कमाई जहाजावरच्यापेक्षा कमी आहे आणि कर्ज फिटायला बराच काळ लागला. विमान थांबले ते वडिलांसाठीच, असे गणित आम्ही मांडणार नाही. त्याची आईही ते मांडत नाही.

ती मात्र एक काम करते. गावात कोणाकडे मयत झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेचे भांडे घेऊन ती त्या घरी जाते आणि घरातल्या बाईजवळ बसून राहते. काही समजावीत नाही. आम्ही प्रार्थनेला पोहोचतो, तेव्हा ती आधीच तिथे असते. अशा घरात, ही देवाची योजना आहे, हे वाक्य आता आम्ही उच्चारत नाही. तिच्याशेजारी बसतो आणि रोझरीला सुरुवात करतो.